परशुराम घाट, पाऊस आणि चार नवे टायर

प्रश्न : मी चिपळूणला राहते, नोकरी लोटे एमआयडीसीत. आठवड्याचे सहा दिवस परशुराम घाटातून गाडीने ये-जा करते, दिवसाला साधारण चाळीस किलोमीटर. गाडी २०१९ ची स्विफ्ट, ५२ हजार किलोमीटर झाले आहेत, आणि टायर गाडीबरोबर आले तेच आहेत. गेल्या जुलैत संध्याकाळी घरी येताना, घाट लागायच्या आधीच्या सरळ रस्त्यावर गाडी पाण्यावरून अक्षरशः तरंगली. दोन-तीन सेकंद स्टिअरिंग एकदम हलकं झालं, गाडी ऐकेचना. काही झालं नाही, पण तेव्हापासून पाऊस लागला की हात थरथरतात. आता पावसाआधी टायर बदलायचेच असं ठरवलं आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो ‘ऑल सीझन’ टायरच घे. इथला टायरवाला म्हणतो, पुढचे दोन बदला, मागचे अजून वर्षभर जातील. आणि बदलताच आहात तर एक साइज मोठी टाका, ग्रिप वाढेल. यजमानांचं म्हणणं, जास्तीत जास्त किलोमीटर चालणारा टायर घ्यावा. टायर १८५/६५ आर १५ आहे, एकाचे पाच हजार चारशे सांगितलेत. नक्की काय करू?
— एक वाचक, चिपळूण

नमस्कार ताई,

पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘काही झालं नाही’. मी तिथेच अडकलो. माझ्या मते त्या संध्याकाळी जे व्हायचं ते झालंच होतं. रस्ता सरळ होता आणि समोर कुणी नव्हतं, एवढंच. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या दोन-तीन सेकंदांत आहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू.

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तुमच्या तळहाताएवढा असतो. माणसं धरून टनभर वजनाची गाडी अशा चार तळहातांवर उभी असते. रस्त्यावर पाणी साचलं की धावणाऱ्या टायरला ते पाणी आधी बाजूला सारावं लागतं, तेव्हा कुठे रबर रस्त्याला टेकतं. नक्षीतल्या खोल खाचा त्याच कामासाठी असतात. पाणी त्यांत शिरतं आणि कडेने बाहेर फेकलं जातं. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. घासून घासून त्या दोन मिलिमीटरवर आल्या की पाण्याला जायला वाटच उरत नाही. मग वेग जरा वाढला की टायरच्या पुढ्यात पाण्याची पाचर तयार होते, ती खाली घुसते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवलं काय किंवा ब्रेक दाबला काय, सारखंच. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, तीसुद्धा तिथे उपयोगी पडत नाही, कारण टायरच्या खाली रस्ता नसतो, पाणी असतं.

यात टायरमधल्या हवेचा वाटा फार मोठा आहे, आणि तिच्याकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सोपं सूत्र मांडलं होतं. त्याने हिशेब केला, तर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. हवा २५ पीएसआयवर उतरली की हाच आकडा ८३ वर येतो. मोटारीचे टायर विमानाच्या टायरपेक्षा वेगळे असतात आणि घासलेले असतील तर याहून कमी वेगालाही तरंगतात, पण हवा कमी झाली की धोका लवकर येतो हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून नव्या टायरची वाट न बघता उद्या सकाळी, गाडी थंड असताना, हवा तपासून घ्या. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा हा टायरला सोसणाऱ्या जास्तीत जास्त दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. पंपावरचा मुलगा ‘किती टाकू?’ विचारतो तेव्हा आपणच ‘टाका तीस-पस्तीस’ म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. दर पंधरा दिवसांनी, चारही टायर आणि स्टेपनीसुद्धा.

आता एक काम करा, त्याला दहा मिनिटं पुरतील. गाडी सपाट जागी सावलीत लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा. पुढचा टायर बाहेर डोकावेल. मोबाइलचा टॉर्च लावून खाली बसा. मोठ्या खाचांच्या तळाशी, थोड्या थोड्या अंतरावर, रबराचे आडवे छोटे उंचवटे दिसतील. ते कुठे आहेत हे सापडत नसेल तर टायरच्या खांद्याजवळ बारीक त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरं शोधा, त्याच रेषेत आत उंचवटा असतो. हे उंचवटे १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याने बाद होतो; आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीसाठी किमान खोली हीच दिली आहे. पण कायद्याची ही मर्यादा अगदी शेवटची आहे, चिपळूणच्या जुलैसाठी ती नाही. कोकणात रोज गाडी चालवणाऱ्याने तीन मिलिमीटरवरच टायर बदलावा असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे.

आता तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडलेलं आहे. फक्त दोन्ही कडा घासलेल्या असतील तर हवा सतत कमी राहिली, मधलाच पट्टा घासला असेल तर जास्त राहिली. जागोजागी खड्डे-उंचवटे लागले तर सस्पेन्शन दाखवायला हवं. हे सगळं नवे टायर घ्यायच्या आधी कळायला हवं, कारण जुन्या टायरला ज्या दोषाने खाल्लं तोच दोष नव्या टायरलाही खाणार.

आणि शेवटी वय बघा. टायरच्या कडेवर डी-ओ-टी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे २२१९ असेल तर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात, मे-जूनच्या सुमारास बनलेला टायर. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, ती बाजू गाडीच्या आत गेली असेल तर वाकून बघावं लागेल. तुमचे टायर २०१९ चे किंवा थोडे आधीचे निघतील. नक्षी कितीही उरलेली असू दे, सहा-सात वर्षं ऊन, ओझोन आणि काँक्रीटच्या रस्त्याची धग सोसलेलं रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, आणि मग एखाद्या नव्या टायरवर तेच करून बघा. कडेला केसासारख्या चिरा दिसल्या तर पुढचं काही बघायचीही गरज नाही.

म्हणून तुमच्या टायरवाल्याचा पहिला सल्ला मी मानणार नाही. चारही बदला. मागच्यांची नक्षी जास्त उरली असणार, कारण स्विफ्टमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, स्टिअरिंग आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावरच येतो, त्यामुळे पुढचे आधी घासतात. पण वय चारही टायरचं एकच आहे.

कुणाच्या बाबतीत मागचे खरोखर तरुण असतील आणि दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे मागे लावायचे आणि मागचे पुढे आणायचे. हे ऐकून बहुतेक जण चकित होतात. दुकानातही हमखास उलटं करतात, ‘स्टिअरिंग पुढे आहे ना, नवे पुढेच हवेत’ म्हणून. पण विचार करा. पुढची चाकं पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, तुम्हाला हातात कळतं, पाय उचलला की ती पुन्हा पकड घेते. मागची घसरली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो, गाडी जागेवर फिरते, आणि ती सावरणं चांगल्या चांगल्या ड्रायव्हरला जमत नाही. परशुराम घाटाच्या उतारावरच्या वळणात असं झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही. जास्त पकडीचे टायर नेहमी मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही.

भावाच्या सल्ल्याकडे येतो. तो चुकीचं सांगत नाहीये, त्याच्या गावाचं सांगतोय. न्यू जर्सीत थंडीत बर्फ पडतो, पारा शून्याखाली जातो. आपल्यासारख्या गरम हवेसाठी बनवलेलं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सोडतं. म्हणून तिकडे तीन प्रकार आहेत. एक उन्हाळी टायर, एक हिवाळी टायर, आणि दर सहा महिन्यांनी बदलाबदल नको असणाऱ्यांसाठी मधला मार्ग म्हणजे ऑल सीझन. त्याचं रबर थंडीतही मऊ राहावं असं बनवतात, नक्षीत बर्फाला धरणाऱ्या बारीक चिरा जास्त असतात, कडेवर एम आणि एस ही अक्षरं असतात. खऱ्या बर्फात तपासून उतरलेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. तिथे नव्याने गेलेल्या मराठी घरांतला पहिल्या थंडीचा मोठा खर्च बऱ्याचदा हाच असतो.

चिपळुणात पारा सात अंशांवर येत नाही. तुमच्या टायरला लागतात दोनच गोष्टी : एप्रिल-मेची धग सोसणं आणि जून ते सप्टेंबर पाण्यात पकड धरणं. बर्फासाठी केलेली तडजोड तुम्हाला ऊन आणि पावसात काहीच देणार नाही. उलट गरम रस्त्यावर ते मऊ रबर लवकर घासतं आणि ब्रेकला थोडं जास्त अंतर घेतं. आपल्याकडच्या कंपन्या मोटारींसाठी जे नेहमीचे टायर विकतात ते याच हवेसाठी बनवलेले असतात, त्यांच्यावर ऋतूचं नाव नसतं इतकंच. त्यामुळे कुणी ‘हा खास ऑल सीझन आहे’ म्हणून पाचशे जास्त मागितले तर देऊ नका. परदेशातून आलेला म्हणून कुणी पुढे केला, तरी कडेवर आयएसआयची खूण आहे का ते बघा. ती नसलेला नवा टायर घेऊ नका. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले आहेत, आणि त्याची तुम्हाला उणीवही भासणार नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, सिएटचा नाशकात, एमआरएफचा गोव्यात उसगावला. चांगला टायर तुमच्या दारातच बनतो.

एक साइज मोठा घ्यायचा तर आधी गणित बघा. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ इंचाची रिम. सगळं मिळून चाकाचा व्यास येतो सुमारे ६२१ मिलिमीटर. दुकानात मोठा म्हणून १९५/६५ देतात, त्याचा व्यास ६३४ होतो, म्हणजे दोन टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०२ ने जात असेल. चाक जड होतं, गाडी उचलायला जरा आळसावते, इंधन थोडं जास्त जातं. आणि मुख्य मुद्दा हा की रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. कोरड्या रस्त्यावर वळणात रुंदीचा थोडा फायदा होतो हे खरं, पण तुम्हाला त्रास पाण्याने दिला आहे. त्याच वजनाच्या गाडीला रुंद टायर लावला तर तो पाण्यावर आणखी लवकर तरंगतो. कंपनीने दिलेली साइजच ठेवा. साइजच्या पुढे ८८ एच सारखा आकडा आणि अक्षर असतं, तेही सोडू नका. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत सुरक्षित. जुन्या टायरवर जे आहे त्याच्याइतकं किंवा त्याहून वरचं चालेल, खालचं नको.

यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही, घर चालवणाऱ्या माणसाने हाच विचार करायला हवा. पण त्यांच्याबरोबर बसून पुढचा हिशेब एकदा करा. चार टायर म्हणजे २१,६०० रुपये. समजा पकडीसाठी बनवलेला टायर ४५ हजार किलोमीटर चालला आणि जास्त टिकणारा ५५ हजार. पहिल्याचा खर्च किलोमीटरला ४८ पैसे, दुसऱ्याचा ३९. फरक नऊ पैशांचा. तुमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरला गुणलं तर दिवसाला साडेतीन रुपये. टपरीवरच्या चहापेक्षाही कमी. आणि टिकाऊ टायरचं रबर जरा कडक ठेवावं लागतं, त्याशिवाय तो टिकत नाही. ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकला त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय तुम्ही वर्षाला बाराएक हजार किलोमीटर चालता. ५५ हजार होईपर्यंत साडेचार-पाच वर्षं जातील, म्हणजे शेवटचे दोन पावसाळे तुम्ही आधीच कडक असलेल्या आणि त्यात म्हाताऱ्या झालेल्या रबरावर काढाल.

मग कोणता घ्यायचा? कंपनीचं नाव विचारू नका, कंपनीतलं घराणं विचारा. जवळपास प्रत्येक कंपनीत एक टायर टिकण्यासाठी असतो, एक पकडीसाठी. सिएटमध्ये मायलेझ एक्स-थ्री टिकण्यासाठी, सिक्युराड्राइव्ह पकडीसाठी. अपोलोत अमेझर फोर-जी लाइफ टिकण्यासाठी, अल्नॅक फोर-जी पकडीसाठी. गुडइयरमध्ये ड्युराप्लस आणि अशुरन्स ट्रिपलमॅक्स टू अशी जोडी, त्यातला दुसरा पावसातल्या ब्रेकसाठी. टायरवाला ‘सिएटचा आहे, अपोलोचा आहे’ एवढंच सांगतो आणि हातात असेल तो देतो. तुम्ही नाव घेऊन मागा. मला विचाराल तर या दुसऱ्या घराण्यातले तीन, सिक्युराड्राइव्ह, अल्नॅक आणि ट्रिपलमॅक्स, यांतला जो चिपळुणात ताजा मिळेल तो घ्या. मी त्यांच्यात क्रम लावणार नाही. ताजा टायर आणि नीट बसवणारा माणूस यांनी जेवढा फरक पडतो तेवढा या तिघांमधल्या निवडीने पडत नाही. काही टायरवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांचं लेबल दिसेल. ते तारे टायर किती हलका पळतो, म्हणजे इंधन किती वाचवतो याचे आहेत; पावसातल्या पकडीचे समजू नका. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर कर १८ टक्केच लावलाय ना ते बघा, आणि बिल पक्कंच घ्या. त्यावर चारही टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच अवलंबून असते.

ताजा म्हणजे किती ताजा? सावलीत नीट ठेवलेला टायर वर्षभराचा असला तरी बिघडत नाही. पण पैसे तुम्ही नव्याचे देताय, तर सहा महिन्यांच्या आतला मागा, आणि चारही टायर एकमेकांपासून दोन-चार आठवड्यांत बनलेले असावेत. हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात चार टायर घेतले. मुलीला परीक्षेला सोडायचं होतं, घाईत होतो, बसवताना समोर उभा राहिलो नाही. रात्री टॉर्च लावून आकडे बघितले तेव्हा तीन त्याच वर्षाचे निघाले आणि मागचा डावा दीड वर्ष जुना. दुसऱ्या दिवशी गेलो तर मालक म्हणाला, ‘साहेब, बिल झालं, टायर रस्त्याला लागला.’ तो टायर मी तीन वर्षं वापरला आणि प्रत्येक पावसात तो माझ्या मनात होता. म्हणून सांगतो, टायर रिमवर चढायच्या आधी चारही आकडे स्वतः वाचा, त्यांचे फोटो काढा. सांगायला संकोच वाटला तर यजमानांना बरोबर घेऊन जा, पण वाचा तुम्हीच.

बसवतानाही समोरच उभ्या राहा. तुमचे टायर ट्यूबलेस आहेत, प्रत्येक रिमचा रबरी व्हॉल्व्ह नवाच लावायला सांगा. जुना व्हॉल्व्ह काही महिन्यांत हळूहळू हवा सोडायला लागतो आणि पंक्चर कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही. जुना टायर उतरल्यावर रिमच्या कडेला बसलेली घाण आणि गंज तारेच्या ब्रशने साफ करायला हवा, नाहीतर तिथूनही हवा जाते. नक्षी दोन्ही बाजूंनी वेगळी असेल तर कडेवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर आली पाहिजे. बाण असेल तर चाक पुढे फिरताना बाणाच्या दिशेने फिरलं पाहिजे. हे उलटं बसवलेलं मी एकदा-दोनदा नाही, अनेकदा पाहिलं आहे, आणि बाणाच्या टायरमध्ये उलटं बसवणं म्हणजे पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढणं. बॅलन्सिंगच्या मशिनवर दोन्ही बाजूंना शून्य येईपर्यंत वजनं लावायला लावा. नट मशिनने कडकडून आवळतात, शेवटचं आवळणं हाताच्या टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, करायला सांगा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद मागा. ‘केलं’ म्हणणं आणि करणं यांत काय फरक आहे तो त्या कागदावर दिसतो.

स्टेपनीही विसरू नका. ती कधी वापरली नसेल म्हणून तिची नक्षी नव्यासारखी असेल, आणि तेवढ्यावर टायरवाला म्हणेल की तीनच नवे घ्या, चौथी ही लावू. नको. तीही तेवढीच जुनी आहे. अडचणीच्या वेळी दुकानापर्यंत हळू पोचण्यापुरतीच तिला ठेवा.

तुमचे उतरवलेले चार टायर दुकानदार प्रत्येकी दोनशे-तीनशेला मागेल. त्यातल्या मागच्या दोघांची नक्षी बरी असेल तर ते तो धुऊन, काळा पॉलिश लावून कुणाला तरी ‘सेकंडहँड, चांगला माल’ म्हणून विकण्याची शक्यता आहे. घेणारा बहुधा कुणी तरी नवशिका टॅक्सीवाला किंवा जुनी गाडी घेतलेला तरुण असतो, ज्याच्याकडे नव्यासाठी पैसे नसतात. तुमच्या समोर त्या टायरच्या कडेला कटरने एक उभी चीर मारायला सांगा आणि मग भंगारात द्या. पाचएकशे रुपये कमी मिळतील. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

हात थरथरतात म्हणालात, त्याबद्दल थोडं. नव्या टायरनेही ताशी ऐंशी-नव्वदला साचलेल्या पाण्यात गाडी तरंगू शकते. पुन्हा कधी स्टिअरिंग हलकं वाटलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला, ब्रेकला हात-पाय लावू नका, स्टिअरिंग होतं तिथेच सरळ धरा. दोन सेकंदांत टायर पुन्हा रस्त्याला टेकतात. त्या वेळी चाकं वळलेली असतील तर गाडी एकदम त्या दिशेला झेपावते, म्हणून सरळ धरणं महत्त्वाचं. समोर टँकर असेल तर त्याच्या चाकांनी पाणी बाजूला सारून केलेल्या पट्ट्यांतून चाला, अंतर मात्र नेहमीच्या दुप्पट ठेवून. पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. वर्षभराचं सांडलेलं तेल, धूळ आणि डोंगरातून आलेली लाल माती मिळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो, तेव्हा टायर कुठलाही असो, घाटात तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा.

आणि हे सगळं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा निसरडा पापुद्रा असतो. तो घासून जायला आणि रबराला पकड यायला दोनशेएक किलोमीटर लागतात, तेवढे दिवस जोरात ब्रेक आणि घाईची वळणं टाळायची. तुमच्या हिशेबाने ते पाच दिवसांचं येणं-जाणं आहे. त्यानंतर एकदा नट पुन्हा आवळून घ्या, हवा बघा, आणि पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येईल तेव्हा टायर कोरड्या रस्त्यावर तयार झालेले असतील.